वाढवलेलं दुकान

"लगीनसराईच्या आत दुकान वाढवू," अण्णा म्हणाले आणि माझ्या हातातलं पेन पायरीवरून खाली गटारात पडलं.

मार्च महिन्यातली भर दुपार होती. मी आमच्या दुकानाच्या पायरीवर वही घेऊन बसलो होतो. समोर झुंबर बारबोलेच्या 'रूपश्री लेडीज एम्पोरियम'मध्ये दिवसाला किती बायका शिरतात आणि त्यातल्या किती काही न घेता बाहेर येतात, याची नोंद ठेवायचं काम मी महिनाभर इमानेइतबारे करत होतो. त्या दिवशी दोन वाजेपर्यंत तेवीस जणी आत गेल्या होत्या. आमच्याकडे दोघी आल्या, त्यातली एक पत्ता विचारायला.

"कधी म्हणता अण्णा?"

"पाडव्याला. एकदा लग्नं सुरू झाली की मग व्हायचं न्हाई."

"नक्की ना?"

"नक्की. महिना झाला, तूच म्हनतोयस न्हवं? वाढवू, वाढवू. माज्याबी मनात लै दिवस हुतं. तुज्या तोंडून निघालं ते बरं झालं."

मी उठून त्यांच्या पायाच पडलो. अण्णा जरा गोंधळले, मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढून घेतला.

आम्ही तवटे. बार्शीत भगवंताच्या देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान माझ्या पणजोबांपासूनचं. दुकान म्हणजे काय, तर एक गादी, भिंतीला खुंट्या आणि खुंट्यांवर दोरीत ओवलेल्या काचेच्या बांगड्या. बाईनं समोर बसायचं, हात पुढे करायचा. अण्णा मनगटाकडे एकदा बघत आणि दोन-चार की दोन-सहा ते न विचारता माप काढत. मग तिचा अंगठा आत दुमडून पंजा दाबून दाबून मऊ करत, आणि तिच्याशी तिच्या सासरच्या गप्पा मारता मारता बांगडी कधी चढली ते तिलाच कळत नसे. शेवटी उजव्या हातात एक बांगडी जादा, ती आमच्याकडून.

दुकानात काही शब्दांना मात्र सक्त मनाई होती. बांगडी कधी 'फुटत' नसे, वाढत असे. माल 'संपत' नसे, यायचा असे. आणि दुकान 'बंद' तर कधीच होत नसे. रात्री आठ वाजता अण्णा "चला, वाढवा" म्हणत आणि मी फळ्या लावायला घेत असे. लहानपणी एकदा मी "अण्णा, दुकान बंद करू?" असं विचारलं होतं, तर आयुष्यात पहिला आणि शेवटचा त्यांचा मार खाल्ला.

हे सगळं मला पाठ होतं. तरीही त्या दुपारी मला जे ऐकायचं होतं तेच मी ऐकलं, कारण मी तीन वर्षं पुण्यात राहून मार्केटिंगचा डिप्लोमा घेऊन आलो होतो. तिथे आम्हाला शिकवलं होतं की धंदा एकतर वाढतो, नाहीतर मरतो. मधली स्थिती नसते.

पुण्याहून आलो तेव्हा दुकानाची दशा बघून मला रडूच आलं. आई गेल्यापासून अण्णा एकटे होते, पण एकटे म्हणजे इतके एकटे? ज्या गादीसमोर संक्रांतीला बायका ताटकळत उभ्या राहत, तिथे दिवसचे दिवस कुणी बसत नव्हतं. सगळ्या जणी बारबोलेकडे. त्याच्याकडे पंखा, आरसे, प्लास्टिकच्या खोक्यात बारा बारा बांगड्यांचे तयार जोड. खोकं उचलायचं आणि घरी जाऊन आपल्या हातानं घालायच्या.

मग मी सर्व्हे केला. आज हसू येतं, पण तेव्हा सायक्लोस्टाईल केलेला फॉर्म घेऊन मी गल्लीतल्या एकेचाळीस बायकांकडे गेलो होतो. 'आपण बांगड्या रूपश्रीमधून का घेता?' उत्तरं अगदी पुस्तकातल्यासारखी आली. व्हरायटी असते. रंग जास्त असतात. वेळ लागत नाही. मथुराकाकी कुलकर्णींनी तर फॉर्म हातात घेतला, वाचला आणि परत दिला. या मथुराकाकी माझ्या आईच्या जिवाभावाच्या. त्यांच्या लग्नातला चुडाही अण्णांच्याच हातचा.

"काकी, तुम्ही तरी खरं सांगा. तुम्हीसुद्धा तिकडे का जाता?"

"अरे, आता वय झालं. त्या खोक्यातल्या बऱ्या पडतात."

"पण कारण काय?"

"कारण कसलं आलंय मेलं! चहा घेणार का?"

मी फॉर्मवर 'ग्राहकाची आवड बदलली' असं लिहिलं आणि चहा घेऊन आलो. त्यांच्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत सरकत होत्या, हे मी पाहिलं होतं. दोन-सहाच्या हातात दोन-आठच्या बांगड्या. सैल बांगड्यांची फॅशन आली असेल, असं समजून मी तीही नोंद केली.

उपाय माझ्याकडे तयार होता. एसटी स्टँडसमोर नवं कॉम्प्लेक्स झालं होतं, त्यात रस्त्याकडेचा एक गाळा रिकामा होता. काचेची कपाटं, ट्यूबलाईट, खोकी तर असणारच. पण बारबोलेकडे जे नाही ते मधोमध ठेवायचं. म्हणजे अण्णा. एका गोल, उंच बैठकीवर अण्णा बसलेले आणि भोवती चारही बाजूंनी आरसे. बांगड्या भरणारा कासार बार्शीत दुसऱ्या कुणाकडे आहे? मी या कल्पनेवर इतका खूश होतो की तिचा नकाशा काढून खिशात बाळगत होतो. तो उलगडायला लागलो की अण्णा मात्र "बघू" म्हणून उठायचे. त्यामुळे "दुकान वाढवायला पाहिजे अण्णा" याच्या पलीकडे माझं बोलणं कधी गेलंच नव्हतं.

आता त्यांनी स्वतःहून होकार दिल्यावर मी म्हटलं, "सगळं माझ्यावर सोडा. पाडव्यापर्यंत काही विचारू नका."

"सोडलं," अण्णा म्हणाले. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसला आणि मला स्वतःचा अभिमान वाटला.

पाडव्याला दोन आठवडे होते. गाळा ताब्यात घेतला, सुतार लावला आणि जाहिरातीकडे वळलो. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला एक सबंध प्रकरण होतं की जाहिरातीत सगळं सांगू नये, थोडं सांगून लोकांची उत्सुकता ताणावी. म्हणून मी हँडबिलाचा मजकूर बेतला तो एवढाच:

'येत्या गुढीपाडव्याला तवटे कासार आपले दुकान वाढवीत आहेत. तोपर्यंत अण्णा गादीवर आहेत. अवश्य या.'

छापखान्यातल्या साखरे मास्तरांनी कागद वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"एवढंच छापायचं?"

"एवढंच. बाकी पाडव्याला कळेल लोकांना."

"अण्णांना विचारलंस?"

"त्यांनीच ठरवलंय."

"चांगलं केलंन," मास्तर म्हणाले. "माणसानं आपल्या हातानं करावं हे." मग त्यांनी हजार हँडबिलं छापून दिली आणि मोबदला म्हणून एक छदाम घेतला नाही. मला वाटलं, आमच्या नावाला बाजारात अजून किंमत आहे.

अण्णांना दाखवलं तेव्हा तो कागद त्यांनी खूप वेळ डोळ्यांजवळ धरून ठेवला. "लोकांना सांगाय पायजे, हे माज्या ध्यानातच आलं न्हवतं रं," ते म्हणाले. "चांगलं लिव्हलंस. उगं पाल्हाळ न्हाई."

हँडबिलं वाटली, आणि तिसऱ्या दिवसापासून गल्लीत गर्दी सुरू झाली.

गर्दी म्हणजे अशी की बायका पार देवळाच्या वळणापर्यंत उभ्या. म्हाताऱ्या आल्या, लेकीसुना आल्या, वैराग आणि पांगरीला दिलेल्या मुली एसटीनं आल्या. माझ्या फॉर्मवरच्या एकेचाळीसपैकी एकोणचाळीस मी स्वतः मोजल्या. बारबोलेचं दुकान ओस पडलं. माझी छाती अशी फुगली होती की सदऱ्याची बटणं तुटायची बाकी होती. चार शब्दांच्या जाहिरातीनं ही किमया! मी वहीत लिहिलं, 'उत्सुकता. भावनिक नातं. नाव.'

बायका अण्णांच्या पाया पडत होत्या, हे मी पाहत होतो. कुणी नारळ ठेवी, कुणी टोपी-उपरणं. कुणाचे डोळे भरून येत. इतक्या वर्षांनी हातभर बांगड्या भरल्यावर बाईचे डोळे भरणारच, अशी माझी समजूत होती. अण्णा आता गप्पा मारत नव्हते. मान खाली घालून भरत होते, आणि फार सावकाश.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मथुराकाकी बसल्या होत्या. मी मागच्या खुंटीवरून हिरव्या बांगड्या उतरवत होतो. कच्च असा आवाज झाला.

"वाढली," अण्णा पुटपुटले.

"असू द्या हो. भरा तुम्ही," काकी म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. काकींच्या अंगठ्याखालून रक्ताची एक ओळ मनगटाकडे चालली होती. त्यांनी पदर पुढे ओढून ती झाकली आणि हात तसाच पुढे धरून ठेवला. अण्णांना ते दिसलं होतं की नव्हतं, सांगता येत नाही. पुन्हा कच्च झालं. काकी हसत होत्या. ओठ दाबून, पण हसतच होत्या. उठल्या तेव्हा उजव्या हातातली जादा बांगडी त्यांनी मला दाखवली आणि म्हणाल्या, "बघ, विसरले नाहीत." पायरी उतरताना त्यांचा पदर लाल झालेला मी पाहिला.

त्यांच्यामागे जी जोडी उभी होती, ती झुंबर बारबोले आणि त्याची बायको. बायको गादीसमोर बसली. बारबोलेनं अण्णांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. मघाचा तो लाल पदर मनातून झटकायला मला बरं निमित्त मिळालं.

"काय बारबोले," मी म्हटलं, "आता गाठ आमच्याशी आहे बरं का."

"कसली गाठ?"

"उद्या कळेलच. स्टँडसमोर दीडपट मोठं दुकान टाकतोय. काचेची कपाटं, सगळं. अण्णा मधोमध."

बारबोले माझ्याकडे बघतच राहिला.

"म्हंजे? अण्णा वाढवणार न्हवं उद्या?"

"वाढवणारच! तेच सांगतोय."

त्याच्या तोंडातलं पान चघळायचं थांबलं. त्यानं मला दंडाला धरून गल्लीच्या कोपऱ्यावर नेलं.

"उल्हास, तुला काय म्हाईतच न्हाई का? तुज्या अण्णांच्या हाताला दोन वर्स झाली कंप सुटलाय. बोटास्नी कळत न्हाई काय. गेल्या वर्साला पांगरीच्या एका नवरीचा चुडा भरताना तीन बांगड्या आत घुसल्या. पोरीचा हात टाके घालून शिवला. चुडा अर्धाच भरून लगीन लागलं तिचं. त्या दिवसापास्नं अण्णाच बायकास्नी माज्याकडं धाडत्यात."

"अण्णा? तुमच्याकडे?"

"मग तुला काय वाटलं, माजा पंखा बघून येत्यात व्हय? खोकी ठेवा, बारबोले, बायांच्या हाताला आपला हात लागाय नको, हे मला सांगितलं कुणी? तुज्या बापानं. आन् आत बसत्यात त्या बाया, त्यास्नी ठावं हाय हात कापणार ते. शेवटच्या भरून घ्याव्या म्हणून आल्यात. तू लिव्हलं न्हवतंस का, अवश्य या?"

आतून कच्च आवाज आला. बारबोलेची बायको मोठ्यानं काहीतरी बोलून हसली.

मला सगळं कळलं, ते तिथे कोपऱ्यावर उभं असतानाच कळलं. मी महिनाभर "वाढवू, वाढवू" म्हणत होतो आणि अण्णा काय ऐकत होते, तेही कळलं. एकेचाळीस बायका माझ्या तोंडावर का खोटं बोलल्या ते कळलं. त्याच क्षणी आत जाऊन अण्णांना मिठी मारायला हवी होती, आणि गाळ्याचं जे व्हायचं ते होऊ द्यायला हवं होतं. इतकी वर्षं झाली, पण या एका गोष्टीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही. मी तसं केलं नाही. कपाटं बसली होती. पाटी रंगवून झाली होती. मी मनाशी म्हटलं, एकदा नवं दुकान बघितलं की अण्णांचं मन फिरेल. नुसते बसले तरी पुरे, भरायला माणूस ठेवू.

पाडव्याला सकाळी घरी गुढी उभारल्यावर अण्णा म्हणाले, "आता फळ्या लावून येऊ एकदा."

"आधी माझ्याबरोबर चला," म्हणत मी त्यांना स्कूटरवर बसवलं.

कॉम्प्लेक्ससमोर उतरल्यावर त्यांनी पाटी वाचली. 'तवटे बँगल्स. येथे अण्णा तवटे स्वतः बांगड्या भरून देतील.' मग काचेतून आत पाहिलं. गोल बैठक, पांढरीशुभ्र गादी आणि भोवती आरसे. त्या आरशांत त्यांना त्यांचे हात चारही बाजूंनी दिसले असतील.

"हे काय रं?"

"दुकान, अण्णा. वाढवलंय."

समोर एसट्या लागत होत्या, सुटत होत्या.

"वाढवू वाढवू म्हनत हुतास, ते हे व्हय?"

मी मान हलवली.

"मला वाटलं," अण्णा म्हणाले, "लेकाला माजं हात दिसलं."

ते रागावले असते, मारलं असतं तरी चाललं असतं. त्यांनी चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला आणि आत जाऊन त्या बैठकीवर बसले. हात धोतराच्या सोग्याखाली घेतले.

"बसतो," ते म्हणाले. "लेकानं मांडलंय तर बसतो."

त्या दिवशी फार थोड्या बायका आल्या. दुसऱ्या दिवशी त्याहून कमी. गावभर बोभाटा झाला होता की तवट्यांनी दुकान वाढवायची हूल उठवून गर्दी गोळा केली आणि त्याच पाडव्याला दुसरं थाटलं. ज्यांनी हात कापून घेऊन निरोप दिला होता, त्या पुन्हा कशा येतील? स्टँडवर गाडीची वाट बघणाऱ्या बायका काचेतून अण्णांना पाहायच्या आणि तोंड फिरवायच्या. मथुराकाकी एकदा दारापर्यंत आल्या, "अण्णा, तुम्ही अजून..." एवढंच बोलल्या आणि गाडी लागली म्हणून निघून गेल्या. गाडी लागलेली नव्हती. वहीत लिहायला माझ्याकडे काही उरलं नाही. बांगड्या भरायला म्हणून कासारकाम येणारा एक माणूस ठेवला, तो दिवाळीआधी बारबोलेकडे गेला.

अण्णा अकरा महिने बसले. रोज सकाळी नऊ ते रात्री आठ, चारी बाजूंनी स्वतःलाच बघत. रात्री आठ वाजता ते काही म्हणत नसत. नुसते उठत आणि चपला शोधत. "चला, वाढवा" हे शब्द त्या गाळ्यात मी एकदाही ऐकले नाहीत.

माघातली गोष्ट. दुपारचे तीन-साडेतीन झाले असतील. एका खेड्यातली बाई तिच्या लग्नाच्या मुलीला घेऊन आली. त्यांना काहीच माहीत नव्हतं, बाहेरची पाटी वाचून आल्या होत्या.

"अण्णा तवटे तुमीच न्हवं? माजा चुडा तुमच्याच हातचा हाय. लेकीचाबी तुमीच भरा."

मुलगी समोर बसली आणि तिनं हात पुढे केला. कोवळा, सावळा हात. अण्णांनी सवयीनं सोग्याखालून आपले हात काढले. ते इतके थरथरत होते की मुलीनं घाबरून आईकडे पाहिलं. आरशांतून ते हात सगळीकडे थरथरत होते.

"दोन-चार," अण्णा म्हणाले. माप अजून नजरेनं अचूक काढत होते. "माय, हिला देवळाच्या गल्लीत न्या. झुंबर बारबोले म्हणून हायत. अण्णांनी धाडलंय म्हणा. आन् एक बांगडी जादा मागून घ्या."

त्या दोघी गेल्या. अण्णा खाली उतरले. काचेबाहेर उन्हात त्या रस्ता ओलांडत होत्या, तिकडे बघत ते म्हणाले,

"उल्हास, बंद कर."

मी दचकलो. वाटलं, ऐकण्यात चुकलो.

"वाढवतो, अण्णा," मी म्हणालो आणि शटरच्या काठीला हात घातला.

"वाढवू नको," अण्णा म्हणाले. "बंद कर म्हनलो."